कामावरच लागलं हे सिद्ध कसं करायचं? मजुरांच्या नुकसानभरपाईबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फवारणीचे दोन महिने आणि जिनिंगचा सीझन, या दिवसांत मोबाईलवर तेच ते मेसेज येत राहतात. कुणाचा हात गेला, कुणाला फवारणीत चक्कर येऊन उलट्या झाल्या, कुणी ट्रॉलीवरून पडलं, आणि सगळ्यांचं शेवटचं वाक्य एकच, "मालक म्हणतो की हे कामावर झालंच नाही". मी वकील नाही, आमच्या तालुक्यात मजुरांचे भरपाईचे कागद लावून देतो, वकिलांसोबत बसतो, दवाखान्यात जातो. जे प्रश्न परत परत येतात त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. आपला प्रश्न शोधा, तेवढंच वाचलं तरी चालेल.

१. "कामावर लागलं" म्हणजे कायद्याच्या भाषेत नेमकं काय?

दोन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली, अपघात कामाच्या ओघात झाला, म्हणजे तुम्ही तेव्हा कामावर होतात, कामाच्या वेळेत, कामाच्या जागी. दुसरी, अपघात कामामुळे झाला, म्हणजे त्या कामातला धोका आणि तुमची जखम यांचा संबंध आहे. हडंब्यात (मळणी यंत्रात) तुरीच्या पेंढ्या टाकताना हात ओढला गेला तर दोन्ही गोष्टी आल्या. पण त्याच वावरात दुपारच्या सुट्टीत दोघांचं घरच्या जुन्या भांडणावरून वाजलं आणि डोकं फुटलं, तर जागा कामाची आहे पण कारण कामाचं नाही, तिथे केस अडकते.

हा हक्क १९२३ पासूनचा आहे. जुना कर्मचारी नुकसानभरपाई कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये मिसळला, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. त्याच्या आधीचा अपघात असेल तर जुन्या कायद्यानेच बघतात. घर-काम प्रवासाचा फरक सोडला (प्रश्न १०) तर सिद्ध काय करायचं ते दोन्हीकडे तेच आहे, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

आणि एक, फौजदारी केससारखा शंभर टक्के पुरावा इथे लागत नाही. "असंच झालं असण्याची शक्यता जास्त आहे" इथपर्यंत आणून दाखवायचं. पण तेवढं दाखवायची जबाबदारी मजुराची किंवा त्याच्या घरच्यांचीच आहे, नुसतं लागलं म्हणून पैसे मिळत नाहीत.

२. मी शेतमजूर आहे, रोजानं जातो. हे सगळं कारखान्यातल्या लोकांसाठी असते ना?

नाही. हा गैरसमज खूप पसरलेला आहे आणि त्यापायी पुष्कळ लोक अर्जच करत नाहीत. कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात कोणकोणती कामं धरली जातात याची लांबलचक यादी आहे, त्यात ट्रॅक्टर आणि मशीनवरची शेती आहे, मळणी आहे, विहीर खोदणं आणि बोअर मारणं आहे, आणि पिकावर कीटकनाशक फवारणं हेही त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. रोजंदारीवाला म्हणून बाहेर ठेवायची जुनी अट २००० सालच्या दुरुस्तीतच काढून टाकली. बाईमाणूस असो, हंगामापुरता आलेला असो, वर्षभरासाठी ठरलेला सालदार असो, फरक पडत नाही.

फरक पडतो तो एका ठिकाणी. तुम्ही स्वतःच्याच वावरात काम करताना लागलं तर तुमचा मालक कुणीच नाही, मग या कायद्यात दावा बसत नाही. त्यांच्यासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना आहे, मृत्यूला २ लाख, एक हात किंवा एक डोळा गेला तर १ लाख. सातबाऱ्यावरचा शेतकरी आणि घरातला एक जण त्यात येतो, वय १० ते ७५. त्याची मुदत कमी असते म्हणून कृषी सहायकाला लगेच गाठा.

३. लागल्यावर पहिल्या दिवशी काय करायचं?

आधी दवाखाना, हे सांगायला नको. पण दवाखान्यात गेल्यावर केस पेपरवर "कसं लागलं" ही जी ओळ असते, तिच्यावर लक्ष ठेवा. माझ्या अनुभवात निम्म्या केसेस त्याच ओळीवर जिंकल्या किंवा हरल्या जातात.

एक उदाहरण सांगतो, नाव गाव सांगत नाही. एका जिनिंगमध्ये रोलरमध्ये कापूस अडकला म्हणून पोरगा हातानं काढायला गेला, डावा हात आत गेला. सुपरवायझरनंच मोटारसायकलवर मधात बसवून, हाताला गमछा गुंडाळून ग्रामीण रुग्णालयात नेलं. पोरगं अर्धवट शुद्धीत. काउंटरवर सिस्टरनं विचारलं कसं झालं, सुपरवायझर म्हणाला घरी पडला. सिस्टरनं लिहिलं, "हिस्टरी ऑफ फॉल अ‍ॅट होम". पाच शब्द. पुढे दोन वर्षं आम्ही त्या पाच शब्दांसोबत भांडलो. त्या केस पेपरची झेरॉक्स आता माझ्या फायलीत आहे, गमछ्याचं रक्त कागदाच्या कोपऱ्याला लागलेलं झेरॉक्समध्ये काळं दिसते, आणि त्याच्याच बाजूला घरी पडला असं लिहिलेलं.

म्हणून सोबत घरचं कुणीतरी पाठवा, आणि त्या माणसानं डॉक्टरला स्वतः सांगावं, अमुक मालकाकडे, अमुक मशीनवर, इतक्या वाजता. डॉक्टर मालकाचं नाव लिहीत नसेल तर निदान "कामावर, मशीनमध्ये हात" एवढं लिहायला विनंती करा. एमएलसी (मेडिको-लीगल केस) करा म्हणा, म्हणजे पोलिसांकडे नोंद जाते. मग जागेचा, मशीनचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कपडे धुऊ नका, आणि जे जे तिथे हजर होते त्यांची नावं एका कागदावर त्याच दिवशी लिहून काढा, महिनाभरानं आठवत नाहीत.

४. केस पेपरवर चुकीचं लिहून गेलं, आता काय?

केस संपली असं नाही. पहिलं, त्याच दवाखान्यात लेखी अर्ज द्या की रुग्ण बोलायच्या स्थितीत नव्हता, माहिती सोबतच्या माणसानं दिली, खरं कारण असं आहे. आधीचं खोडून देणार नाहीत, मागूही नका, पण पुढच्या नोंदीत खरं कारण येऊ शकते. दुसरं, पुढच्या मोठ्या दवाखान्यात, म्हणजे सेवाग्रामला किंवा नागपूरच्या मेडिकलला रेफर केलं असेल तर तिथली हिस्टरी वेगळी आणि जास्त तपशिलाची असते, ते सगळे कागद काढा. तिसरं, जखम स्वतः बोलते. घरी पडल्यावर मनगट मोडते, चार बोटं सपाट चिरडत नाहीत. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरनं "क्रश इंजुरी" लिहिलेली असेल आणि साक्षीत तसं सांगितलं तर तो पुरावा जड असतो.

वरच्या पोराची केस शेवटी अशीच सुटली. डिस्चार्ज कार्डावर जखमेत रुईचे धागे आणि ग्रीस काढल्याची नोंद होती. घरी पडणाऱ्याच्या हातात ग्रीस कुठून येईल.

५. मालक म्हणतो हा माझा माणूसच नाही. हजेरी नाही, पगाराची स्लिप नाही. मी कामाला होतो हे कसं दाखवू?

खेड्यात कागद नसतोच, हे कोर्टालाही माहीत आहे. जे आहे ते गोळा करा. मुकादमाची डायरी, ज्यात तारखेपुढे नाव आणि रोज लिहिलेला असतो. फोनपेवर आलेली मजुरी. मालकाचे किंवा दिवाणजीचे कॉल, "उद्या सकाळी ये" असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. सालदार असाल तर पोळ्याला किंवा पाडव्याला ठरलेलं साल, कुणासमोर ठरलं, धान्य किती, उचल किती, हे सगळं. जिनिंगमध्ये गेटवर रजिस्टर असते आणि बहुतेक ठिकाणी कॅमेराही, पण कॅमेऱ्यातलं जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांत आपोआप पुसलं जाते, म्हणून पहिल्याच आठवड्यात लेखी पत्र द्या की रेकॉर्डिंग जपून ठेवा. नंतर मालकानं ते नाही दिलं तर कमिशनरला (भरपाईचा दावा ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला) त्यावरून मालकाविरुद्ध अर्थ लावता येतो.

मजुरी किती होती हे दाखवता आलं नाही तर निदान किमान वेतन तरी धरायला सांगा.

६. मला मुकादमानं नेलं होतं, पैसेही तोच द्यायचा. मग दावा कुणावर?

दोघांवरही टाका. ठेकेदाराचा मजूर मुख्य मालकाच्या धंद्याच्या कामात लागला तर मुख्य मालकालाही भरपाई द्यावी लागते, नंतर तो ठेकेदाराकडून वसूल करो न करो, तो त्यांचा हिशेब. मुकादम बिचारा कित्येकदा स्वतःच मजूर असतो, त्याच्याकडून काही निघत नाही आणि मालक त्याच्याकडे बोट दाखवून मोकळा होतो. ही वाट कायद्यानं बंद केलेली आहे. मुकादमाला शत्रू करू नका, त्याच्या डायरीचं काम तुम्हाला पडणार आहे (प्रश्न ५).

७. गावातलं कुणी साक्ष द्यायला तयार नाही. सगळ्यांना तिथंच कामाला जायचं आहे.

हे खरं दुखणं आहे आणि मी त्यांना दोष देत नाही. उद्याची चूल त्याच मालकाच्या रोजावर पेटत असेल तर माणूस कसा बोलेल. पण तीन गोष्टी करता येतात. ज्यानं अपघात पाहिला तोच साक्षीदार लागतो असं नाही, ज्यानं तुम्हाला सकाळी कामावर जाताना पाहिलं, ज्यानं उचलून गाडीत टाकलं, ज्या ऑटोवाल्यानं नेलं, त्याचीही साक्ष उपयोगी असते. दुसरं, पोलिसांनी पंचनामा केला असेल तर पंच आणि जबाब आधीच कागदावर आहेत, ते कागद काढा. तिसरं, कमिशनर साक्षीदाराला समन्स काढून बोलावू शकतो. समन्स आल्यावर माणूस मालकाला सांगू शकतो की बाप्पा मला कोर्टानं बोलावलं, मी आपल्या मनानं नाही आलो. त्यानं खूप फरक पडतो.

कुणीच पाहिलं नसेल तरी परिस्थितीवरून अंदाज बांधता येतो. सर्वोच्च न्यायालयानं १९६९ मध्ये जहाजावरून रात्री गायब झालेल्या खलाशाच्या केसमध्ये हेच सांगितलं, की परिस्थितीवरून निष्कर्ष काढायला हरकत नाही, पण तो नुसता तर्क नको, त्याला आधार पाहिजे. त्या केसमध्ये आधार सापडला नाही आणि दावा गेला. म्हणून सकाळी बघितलं, दुपारी मोटर चालू करायला पाठवलं, संध्याकाळी विहिरीजवळ सापडला, अशी एक एक कडी जोडून दाखवा.

८. फवारणी करताना विषबाधा झाली. मालक म्हणतो यानं स्वतःच विष पिलं.

हे आमच्या भागातलं सगळ्यात कठीण आणि सगळ्यात वाईट. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, सरकारला चौकशी पथक नेमावं लागलं. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर वाढली होती, माणूस झाडांमध्ये उभा राहून वर फवारा मारायचा आणि तो फवारा त्याच्याच तोंडावर, अंगावर पडायचा. हे सांगायचं कारण असं की विष पोटातूनच जाते असं नाही, कातडीतून आणि श्वासातून जाते, आणि हेच तुम्हाला दाखवायचं आहे.

काय जमवायचं ते सांगतो. किती दिवस सलग फवारणी केली, त्या दिवशी किती पंप मारले. औषधाचे डबे आणि पुड्या, लेबलसकट, फेकू नका. मालकानं कृषी केंद्रातून घेतल्याचं बिल. अंगावरचे ओले कपडे एका पिशवीत बांधून ठेवा. दवाखान्यात रक्ताची कोलिनेस्टरेज तपासणी करायला सांगा, ऑरगॅनोफॉस्फेट औषध असेल तर त्यात कळते, पण ती लवकर करावी लागते. केस पेपरवर अ‍ॅट्रोपिन दिल्याची नोंद असेल तर ती त्या प्रकारच्या विषबाधेचीच खूण आहे. आणि हिस्टरीमध्ये "फवारणी करताना" हे शब्द यायलाच हवेत, नुसतं "पॉयझनिंग" लिहिलं की पुढे आत्महत्येचा प्रयत्न म्हणायला रस्ता मोकळा होतो. मृत्यू झाला तर पीएम (शवविच्छेदन) आणि व्हिसेरा (आतल्या अवयवांची तपासणी) दोन्ही होऊ द्या, घरचे रडारड्यात नको म्हणतात, पण नंतर तोच एक कागद असतो. पोटात विष सापडलं नाही आणि लक्षणं मात्र विषबाधेची, ही गोष्ट तुमच्या बाजूनं बोलते.

हातमोजे, मास्क दिला होता का हेही विचारलं जाईल. दिलाच नसेल तर तसं स्पष्ट सांगा. दिला होता आणि उकाड्यानं काढून ठेवला असेल तर प्रश्न ११ बघा, तेवढ्यानं दावा जात नाही.

९. कापूस वेचताना साप चावला. वीज पडली. वाघानं नेलं. हे कामाचं की देवाचं?

कोर्ट एवढंच बघते की त्या कामामुळे माणूस त्या धोक्याच्या जागी होता का. रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही साप चावू शकतो, पण वाकून कपाशीच्या बुडाशी हात घालणाऱ्याला जास्त चावू शकतो, आणि हाच फरक मांडायचा असतो. विजेचंही तसंच, पाऊस सुरू असताना मालकानं रोवणी थांबवू दिली नाही, उघड्या बांधीत उभं ठेवलं, तर दावा मजबूत. आपापल्या घरी जाऊन झाडाखाली थांबला असताना पडली तर कमजोर. सापाच्या केसमध्ये दंशाची खूण, अँटीव्हेनम दिल्याची नोंद आणि जागा, हे तीन कागद पुरतात.

वाघ, बिबट, रानडुक्कर यासाठी वनखात्याची वेगळी मदत आहे, मृत्यूला २५ लाख. तिचा अर्ज वेगळा, तो आधी करा, आणि मालकाकडे काम करताना झालं असेल तर भरपाईचा विचार स्वतंत्र करा.

१०. कामाला जाताना किंवा येताना रस्त्यावर अपघात झाला तर?

आधी याचं उत्तर बहुतेक वेळा "नाही" असं यायचं. आता बदललं. नवीन संहितेत घर ते काम आणि काम ते घर हा प्रवास धरलेला आहे, फक्त वेळ, जागा आणि कामाशी संबंध दाखवायचा. त्याच्या आधीच्या अपघातांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा २९ जुलै २०२५ चा निकाल आहे, तो आपल्याच राज्यातल्या साखर कारखान्याच्या वॉचमनचा. पहाटे ३ ते ११ ची त्याची ड्युटी होती, मोटारसायकलवर निघाला आणि कारखान्यापासून पाचेक किलोमीटरवर २००३ मध्ये मेला. तो ड्युटीवरच जात होता यात वाद नव्हता, म्हणून घरच्यांना भरपाई मिळाली. बावीस वर्षांनी मिळाली, ते वाचून वाईट वाटते, पण रस्ता मोकळा झाला.

म्हणजे तुमचं काम काय, तर घरून किती वाजता निघाला, ड्युटी किती वाजता होती, आणि नेहमीच्याच रस्त्यावर होता हे दाखवणं. मधात सासुरवाडीला जाऊन आला, बाजारात तीन तास थांबला, तर संबंध तुटतो. मालकाच्याच ट्रॅक्टर-ट्रॉलीत नेत असेल तर तुमची बाजू आणखी घट्ट, पण ट्रॉलीत बसलेल्या मजुराबद्दल विमा कंपन्या वाद घालतात, म्हणून मालकालाही पार्टी करा.

गाडीचा अपघात असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाचाही मार्ग आहे. दोन्हीकडे घेता येत नाही, एकच निवडावा लागतो, आणि ते निवडताना वकिलाला विचाराच, रकमेत मोठा फरक पडू शकतो.

११. चूक माझीच होती, गार्ड काढलेला होता. किंवा, थोडी घेतलेली होती. मिळते का?

साधी चूक, दुर्लक्ष, घाई, याच्यानं भरपाई जात नाही. हे मोठ्यानं सांगतो कारण मालक पहिलं हेच म्हणतो, "तुझीच चूक". कायदा चुकीबद्दल विचारतच नाही. तीनच गोष्टी आहेत ज्यात मालक सुटू शकतो, एक दारू किंवा नशेत होता, दोन सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम मुद्दाम मोडला, तीन गार्ड किंवा सुरक्षेचं साधन माहीत असून मुद्दाम काढलं. हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. आणि मृत्यू झाला असेल किंवा माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला असेल तर या तिन्ही सबबी चालतच नाहीत. हे बऱ्याच वकिलांच्याही लक्षात राहत नाही.

मशीनचा गार्ड मालकानंच काम वेगानं व्हावं म्हणून काढून ठेवला असेल, आणि असं खूप ठिकाणी असते, तर तो मुद्दा उलट तुमच्या बाजूचा आहे. वासाबद्दल नुसतं कुणी म्हटलं म्हणून दारू सिद्ध होत नाही, रक्ताची तपासणी आहे का ते विचारा.

१२. कामावर हार्ट अटॅक आला. उन्हानं माणूस गेला. अपघात म्हणायचं का याला?

म्हणता येते, पण नुसतं कामाच्या जागी मेला एवढं पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयानं ट्रकवरच्या क्लीनरच्या केसमध्ये २००६ मध्ये स्पष्ट सांगितलं की कामाचा ताण आणि अटॅक यांचा संबंध दाखवावा लागेल. त्या दिवशी किती तास काम केलं, किती वजन उचललं, आधी किती दिवस सुट्टी नव्हती, छातीत दुखते म्हणून सांगूनही थांबू दिलं का, हे आणावं लागेल.

उष्माघाताचं त्यातल्या त्यात सोपं, कारण चंद्रपूर-वर्ध्याकडे मे महिन्यात पारा ४५-४६ ला टेकतो हे हवामान खात्याच्या कागदावरच असते. त्या तारखेचं तापमान काढा, वीटभट्टीवर किती वाजेपर्यंत काम चालू होतं ते साक्षीत आणा, पाणी आणि सावली होती का ते आणा, आणि डॉक्टरनं अंगातला ताप किती नोंदवला ते बघा.

१३. कमरेचं दुखणं आधीपासून होतं, कामानं वाढलं. किंवा जिनिंगच्या धुळीनं दम लागते. हे चालते का?

आधीचं दुखणं असलं म्हणून हक्क जात नाही, कामातल्या घटनेनं ते वाढलं हे डॉक्टरनं लिहायला हवं. त्या दिवशी नेमकं काय झालं, गठाण उचलताना कट्‌कन आवाज आला, तिथेच बसला, असं एका घटनेशी जोडता आलं तर बरं.

आजाराचं वेगळं आहे. कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कामाच्या आजारांची यादी आहे, कापसाच्या धुळीनं होणारा बिसिनोसिस त्यात आहे, दगड आणि कोळशाच्या धुळीचे फुप्फुसाचे आजारही आहेत. यादीतला आजार आणि ठरलेल्या मुदतीएवढं सलग काम, एवढं दाखवलं की तो कामामुळेच झाला असं धरून चालतात, उलट सिद्ध करायचं काम मालकाकडे जाते. त्यामुळे किती वर्षं, कोणकोणत्या जिनिंगमध्ये, ही यादी आत्ताच लिहून काढा. आणि छातीच्या डॉक्टरला पहिलं वाक्य "मी जिनिंगमध्ये काम करतो" हेच सांगा, नाहीतर दमा लिहून मोकळे होतात.

१४. मालकानं दवाखान्याचे पैसे दिले, वर वीस हजार दिले आणि एका कागदावर अंगठा घेतला. आता हक्क गेला का?

नाही गेला. भरपाईचा हक्क सोडून देतो असा करार कायद्यानं बादच आहे. मृत्यूच्या केसमध्ये तर मालकानं पैसे कमिशनरकडे जमा करायचे असतात, परस्पर घरच्यांच्या हातात दिले तर ती भरपाई धरली जात नाही. दवाखान्याचा खर्च वेगळा, तो खऱ्या बिलाइतका मालकानं द्यायचाच असतो.

पण माझं कळकळीचं सांगणं, कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. सरपंच, पोलीस पाटील मधात बसून मिटवतात, त्यांचाही उद्देश वाईट असतो असं नाही, मालकही पाच एकरवाला आणि कर्जात बुडालेला असतो. तसा मालक असेल तर सरळ विचारा, विमा आहे का, ट्रॅक्टरचा आहे का, मजुरांचा आहे का. कित्येकदा विमा असतो आणि मालकालाच माहीत नसते. अशा वेळी दोघं मिळून विमा कंपनीकडे बघितलं तर गावात वैरही होत नाही.

१५. माझा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो. मग कुठे जायचं?

ईएसआयकडेच. महिन्याला २१,००० पर्यंत पगार आणि ईएसआय लागू असेल तर त्याच अपघातासाठी मालकावर वेगळा भरपाईचा दावा करता येत नाही. बुटीबोरीसारख्या एमआयडीसीत जाणाऱ्यांना हे लागू पडते. एक फायदा आहे, तिथे अपघात कामाच्या ओघात झाला एवढं दाखवलं की उलट पुरावा नसेल तोपर्यंत तो कामामुळेच झाला असं धरतात. मालकाकडून अपघाताचा रिपोर्ट लगेच पाठवून घ्या. कापला जातो असं मालक नुसतं म्हणत असेल तर नंबर मागा.

१६. किती टक्के अपंगत्व हे कोण ठरवते? रक्कम किती बसते?

बोटं, हात, पाय, डोळे यासाठी कायद्याच्या परिशिष्टात टक्के ठरलेले आहेत. अंगठा ३०, एका हाताची चारही बोटं ५०, अंगठ्यासकट पूर्ण पंजा ६०, एक डोळा ४० (दुसरा चांगला असेल तर). बाकी जखमांना डॉक्टर कमाईची ताकद किती गेली ते लिहून देतो. हे सिव्हिलच्या अपंगत्व प्रमाणपत्रापेक्षा वेगळं असते, गल्लत करू नका. आणि टक्का नेहमीच शेवटचा शब्द नसतो. १९७५ मध्ये एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला, सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की एका हातानं सुतारकी होत नाही, म्हणून शंभर टक्के धरलं. कापूस वेचणारी, रोवणी करणारी बाई असेल तर हेच मांडा.

हिशेब असा. वय ३५, महिना १२,००० मजुरी, चार बोटं गेली. १२,००० चे ६० टक्के ७,२००, त्या वयाचा आकडा १९७.०६, गुणाकार १४,१८,८३२, त्याचे ५० टक्के म्हणजे ७,०९,४१६ रुपये. मालकानं महिन्याभरात दिले नाहीत तर वर १२ टक्के व्याज, आणि विनाकारण अडवलं तर ५० टक्क्यांपर्यंत दंड.

१७. मुदत किती? अर्ज कुठे? अपघात तेलंगणात झाला आणि मी गावी परत आलो.

दोन वर्षं. उशिराचं योग्य कारण असेल तर कमिशनर माफ करू शकतो, पण त्यावर विसंबू नका. आधी मालकाला नोटीस द्या, साध्या भाषेत, तारीख, जागा, कसं लागलं, स्पीड पोस्टानं पोचपावतीसह, आणि पावती जपा. नोटीस राहून गेली तरी मालकाला अपघात माहीतच होता हे दाखवता आलं तर चालते.

दावा कमिशनरकडे, आपल्याकडे हे काम अनेक ठिकाणी कामगार न्यायालयाचे किंवा सिनियर डिव्हिजनचे न्यायाधीश बघतात. अपघात झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथे, दोन्हीकडे चालते, त्यामुळे वीटभट्टीला किंवा मिरची तोडायला बाहेर गेलेल्यांनी भाषेच्या भीतीनं सोडून देऊ नये. मात्र तिथला दवाखान्याचा कागद आणि तिथल्या दोन माणसांचे फोन नंबर येतानाच घेऊन या. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, १५१०० हा त्यांचा नंबर आहे, बायका, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो.

१८. मी सालदार, वावरातच राहतो. रात्री जागलीला असताना करंट लागला. मालक म्हणतो तू झोपला होतास, कामावर नव्हता.

सालदाराचं काम घड्याळावर नसते. रानडुकरं हाकलायला मालकानंच मचाणावर बसवलं असेल, किंवा रात्रीची लाइन आली की मोटर चालू करायला सांगितलं असेल, तर रात्रही कामाचाच वेळ आणि वावर ही कामाचीच जागा. तुम्ही तिथे स्वतःच्या सोयीनं राहत होतात की काम म्हणून राहावं लागत होतं, हा एकच प्रश्न विचारला जातो. म्हणून साल ठरताना "राहणं वावरातच" असं बोलणं झालं होतं का ते आठवा, कोण हजर होतं ते लिहा. त्या आठवड्याचं वीज मंडळाचं रात्रीच्या लाइनचं वेळापत्रक मिळवा, स्टार्टरच्या पेटीचा फोटो काढा, आणि कुंपणाच्या तारेत करंट कुणी सोडला होता हे पोलिसांच्या पंचनाम्यात येते की नाही ते उभं राहून बघा.